सात घरचं पन्हं

मरुप्रभेत नव्याने राहायला येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी तळं दाखवते. बाकी सगळं नंतर. विमानातून खाली नुसती पिवळी जमीन बघून बघून माणसांचा जीव धास्तावलेला असतो. नवरा उगाच जोरजोरात बोलत असतो, बायको मुकाट्याने खिडकीबाहेर बघत असते. अशा वेळी त्यांना घरं आणि बाजार दाखवून काही उपयोग नाही. मी त्यांना सरकत्या जिन्याने वाळूखाली नेते. दार उघडतं आणि समोर हिरवंनिळं पाणी, पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. एखादी बाई नकळत हात जोडते. मग मी म्हणते, "हे तळं बघायचं. शिवायचं नाही."

लोक हसतात. त्यांना वाटतं, बाई विनोदी आहे.

माझ्या हुद्द्याचं नाव 'स्वागत-सोबती'. ऐकून मी लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडत असेन असं वाटतं, पण काम त्याहून बरंच जास्त आहे. नव्या कुटुंबाला शहराची सवय लावून द्यायची. धुक्याची बाग दाखवायची. तिथे मावळतीला हवेतून काढलेली वाफ गार करून मोकळी सोडतात आणि मुलं त्यात लपाछपी खेळतात. टेकडीवरची वाळूची घसरण दाखवायची, तारे बघायची गच्ची दाखवायची, उंटांचा बाजार दाखवायचा, जिथे उंट कमी आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारे जास्त. मग राहणीमान समजावून द्यायचं. दुपारभर बाहेर पडायचं नाही, झोपायचं. संध्याकाळी शहर जागं होतं. चालायचं ते छप्पर घातलेल्या, गार हवा सोडलेल्या सावलीरस्त्यांवरून. आणि कुणाकडे गेलात तर पाणी मागायचं नाही, कुणी आलं तर विचारायचं नाही. प्रत्येकाचं पाणी ज्याचं त्याचं. हा शेवटचा नियम सांगताना मी जरा घाईने बोलते, कारण आपल्या माणसांना तो पचत नाही.

माझ्या आईला तर मुळीच पचला नाही.

आई चिपळूणची, शुभदा रेडीज. वाशिष्ठीचं पाणी पुन्हा एकदा घरात शिरून माळ्याला टेकलं, तेव्हा मी हट्टाने तिला इकडे आणलं. बाबा त्याच्या बऱ्याच आधी गेले होते. तिच्यामागे तिकडे कुणी नव्हतं आणि माझ्यामागे इकडे कुणी नव्हतं, त्यामुळे हिशेब सरळ होता. तिने वर्षभर तक्रार केली नाही. फक्त दाराशी कुणी आलं, इस्त्रीवाला का असेना, की तिचा हात आपोआप तांब्याकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. "माणूस दारातून कोरडा जातो गो," ती म्हणायची. "कसलं घर हे."

इथे कायमचं राहायचं तर 'मितजल' घ्यावं लागतं. तो उपचार एका सुईचा आहे, पण सुईमागचं शास्त्र मोठं आहे. शहर वसलं त्या पहिल्या उन्हाळ्यांत माणसं पटापट पडली. त्याचं कारण असं की तहान उशिरा लागते. ती लागेपर्यंत शरीर सुकायला लागलेलं असतं. वाळवंटातला उंदीर मात्र आयुष्यभर पाण्याला तोंड न लावता जगतो, कारण त्याचं मूत्रपिंड पाण्याचा थेंबही सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आपल्या मूत्रपिंडातही पाणी परत शोषून घेणारी बारीक दारं असतात. मेंदूतून एक संप्रेरक येतं, त्याच्या हुकुमावर ती उघडतात आणि मिटतात. मितजलच्या सुईतून एक निरुपद्रवी विषाणू जातो आणि त्या पेशींतलं एक जनुक असं बदलतो की ही दारं कायमची उघडी राहतात. आत आलेलं पाणी आतच राहतं. दिवसाला लिटरभरात माणसाचं भागतं. तहान लागत नाही. मला सुई घेऊन चार वर्षं झाली, आणि खरं सांगते, तहान कशी असते ते मला आता आठवत नाही. शब्द आठवतो, पण घशातलं काही आठवत नाही.

पहिलं वर्ष मनगटावर पट्टा असतो, रक्तातलं मीठ सतत मोजणारा. वर्ष नीट गेलं की तो समारंभाने, हार घालून परत घेतात. आईचा फाल्गुनात घेतला. ती हार घालून घरी आली आणि म्हणाली, "सुटले बाई एकदाची. बांगड्यांत अडकायचा मेला."

चैत्रात अर्चना पाटणकर आमच्याकडे आली. आमच्या गल्लीत सात मराठी घरं आहेत आणि अर्चना हे सातही घरांचं इंजिन. ती आईला म्हणाली, "काकू, चैत्रगौर बसवायची ठरवतोय. हळदीकुंकू सगळ्या घरी. पहिलं घर तुमचं."

आई म्हणाली, "माझं कसं? केतकीचे बाबा नाहीत, मी..."

"काकू, ते सगळं तिकडे राहिलं. इथे आम्हाला तुमच्या हातची आंब्याची डाळ पाहिजे."

आई स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ चालला. मी आत जाऊन पाहिलं तर भांड्यात काहीच नव्हतं. ती मिक्सरवर हात ठेवून रडत होती. बाबा गेल्यापासून चिपळुणात तिला एकाही घरी कुंकू लावलं नव्हतं. बोलावणं यायचं, पण 'प्रसादाला या' असं. मला हे माहीत होतं. तिला त्याचं एवढं लागलं होतं ते माहीत नव्हतं.

तिकडे हळदीकुंकवं महिनाभर चालतात, आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. इथे कैऱ्या शीतपेटीतून एकदाच आल्या, आणि पेटी उघडली की टिकणार नाहीत. म्हणून अर्चनाने सातही घरं एकाच संध्याकाळी लावली. दर घरी डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं.

आमच्या घरी सुरुवात झाली तेव्हा मी होते. आईने गौर छोट्या पाळण्यात बसवली होती, मागे तिच्या दोन पैठण्या पडद्यासारख्या लावल्या होत्या. बायका जरीच्या साड्या नेसून आल्या. सगळ्यात धाकटी ऋजुता साने, नवरा खाणीवर कामाला, घरी एकटी असते. तिने पन्हं एका दमात संपवलं आणि म्हणाली, "काकू, माझ्या आजोळची आठवण आली हो." आईने तिचा पेला परत भरला. ती नको म्हणाली, आईने घे म्हटलं, ती पुन्हा नको म्हणाली, आईने तिच्या हनुवटीला हात लावला, आणि तिने घेतलं.

मी हसत म्हटलं, "आई, पाण्याचा कोटा सांभाळ हं सगळ्यांचा."

"पन्हं म्हणजे काय पाणी आहे?" आई म्हणाली.

सगळ्या हसल्या. मी पण. एक पेला मीही प्यायले आणि कामावर निघाले.

त्या संध्याकाळी माझ्याकडे सांगलीचे आवटी होते, प्रणव आणि सायली, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सुई होती. प्रणव पत्रकातला एकेक शब्द वाचून आला होता आणि सायलीच्या खांद्याला पाण्याची बाटली लटकत होती, ती दर पाच मिनिटांनी तोंडाला लावायची. आम्ही धुक्याच्या बागेत उभे होतो. रात्रीचं शेवटचं धुकं नुकतंच सोडलं होतं, पायापासून वर चढत होतं.

फोन वाजला. अर्चना होती. "केतकी, घाबरू नकोस. काकूंचं डोकं फार दुखतंय. उलटी झाली एक. ऊन लागलं बहुतेक."

"ऊन? या वेळेला?"

"अगं, साठेवहिनींनाही तसंच होतंय. डाळ बाधली की काय कोण जाणे. मी लिंबूपाणी देतेय त्यांना, साखर घालून."

"दे, दे. मी येतेच," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दे म्हटलं. अगदी सहज.

सायली बाटलीचं झाकण लावत होती. तिने विचारलं, "तुम्ही लोक कधीच पाणी पीत नाही का हो? म्हणजे कुणी आग्रह केला तरी?"

आग्रह. सात घरी पन्ह्याचा आग्रह.

साधं मूत्रपिंड जास्तीचं पाणी तासाला पाऊण-एक लिटर बाहेर टाकू शकतं. आपण उन्हाळ्यात चार पेले सरबत पितो आणि विसरून जातो, कारण ते बिचारं काम करतं. आमचं करत नाही. आमची दारं उघडी आहेत, आत आलेलं सगळं आत. पन्ह्यातला गूळ शरीर जाळून टाकतं, मागे उरतं नुसतं पाणी. ते रक्तातलं मीठ पातळ करतं. मीठ पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. हाताच्या, पायाच्या फुगल्या तर फुगोत. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागाच नाही. डोकं दुखतं, ओकारी येते, माणूस बरळतो, मग झटके येतात, मग श्वास थांबतो.

आम्हाला हे प्रशिक्षणात एका ओळीत सांगितलं होतं. एका ओळीत, कारण असं कधी होणारच नाही असं ठरलेलं होतं. ज्याला तहान लागत नाही तो जास्त पाणी पिईल कशाला? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी उंदरांवर सोडवला होता. उंदीर एकमेकांना आग्रह करत नाहीत.

मी अर्चनाला परत फोन लावला. उचलला नाही. आईला लावला. वाजत राहिला.

"काय झालं?" प्रणवने विचारलं.

"आईला बरं नाही. तुम्ही इथून सरळ विश्रामगृहावर जा," मी म्हटलं आणि पळाले. बागेच्या दाराशी बॅटरीची गाडी होती, तीत बसून मी गल्लीचं नाव ओरडले. गाडी आपल्या ठरलेल्या वेगाने निघाली. तिला घाई कळत नाही. मी दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बसले होते आणि सारखी मोजत होते. पहिलं घर आमचं, तिथे आईने स्वतः घेतलं असेल-नसेल. दुसरं साठ्यांचं. तिसरं... आई एकाही घरी नको म्हणणार नव्हती. ते मला त्या गाडीत स्पष्ट दिसलं. इतक्या वर्षांनी कुणी तिला कुंकू लावून हातात पेला देतंय, आणि ती नको म्हणेल? तिने दर घरी घेतलं असणार. दर घरी दुसऱ्यांदाही घेतलं असणार.

आमच्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक आरोग्यखोली असते. आत खाट, दोन यंत्रहात, पडदा. डॉक्टर येईपर्यंत पहिली मदत ती करते आणि चांगली करते, तिने शेकडो माणसं वाचवली आहेत. अर्चना आणि आणखी एकीने आईला तिथे आणलं होतं. मी पोहोचले तेव्हा आई खाटेवर होती, पैठणीचा पदर जमिनीवर, कपाळावर कुंकवाचे थरावर थर, आणि दंडात ड्रिपची सुई.

"आई!"

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, बाबा आले का गो बाजारातून?" तिने मला विचारलं. तिची ताई, म्हणजे माझी मावशी, मी शाळेत असताना वारली.

मी पडद्याकडे पाहिलं. 'उष्माविकार. शरीरातील पाणी कमी. द्रव चालू.' आणि वरून लटकलेल्या पिशवीवर लिहिलेलं: ग्लुकोज, पाच टक्के. म्हणजे साखरेचं पाणी. म्हणजे आणखी पन्हं.

"ही किती प्यायली ते सांगितलं का याला?"

"विचारलं ना त्याने," अर्चना म्हणाली. तिच्याही चेहऱ्यावर घाम होता आणि ती कपाळ चोळत होती. "पाणी किती घेतलं विचारलं. म्हटलं, सकाळपासून घोटभर नाही."

"आणि पन्हं?"

"पन्ह्याचं कुठे विचारलं?"

खोलीने रक्ताचा थेंब घेतला होता. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा होता. सोडियम ११६. आणि त्यापुढे: 'नमुना सदोष. पुन्हा घेत आहे.' निरोगी माणसाचं एकशेचाळीसच्या आसपास असतं. मितजल घेतलेल्या माणसाचं कमी झाल्याचं या यंत्राने जन्मात पाहिलं नव्हतं. शहराला फक्त एकच भीती शिकवलेली होती, उन्हाची. म्हणून खरा आकडा समोर आला तेव्हा त्याने तो खोटा ठरवला.

मी सुई उपसली.

लगेच खोली बोलायला लागली. "कृपया सुई काढू नका. रुग्णाच्या जिवाला धोका आहे."

तो आवाज माझा होता. मराठी लोक वाढायला लागले तेव्हा खात्याने सगळ्या सूचना माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. मला तेव्हा मोठं कौतुक वाटलं होतं, आईला पहिल्यांदा ऐकवल्या तेव्हा ती शेजारणींना बोलावून घेऊन आली होती. आता माझाच शांत, गोड आवाज मला सांगत होता की मी आईला मारते आहे. "कृपया सुई काढू नका. रुग्णाला पाण्याची गरज आहे."

"केतकी, वेडी आहेस का?" अर्चनाने माझा हात धरला. "यंत्राला कळतं की तुला?"

"तिला पाणी द्यायचं नाही. एक थेंब नाही."

"अगं, आई आहे तुझी! वाळवंटात माणसाला पाणी नको म्हणतेस?"

खरं सांगते, मी त्या क्षणी डळमळले. आकडा खरंच सदोष असेल तर? खरंच ऊन लागलं असेल तर? मग मी तिला कोरडी मारणार होते, आणि सगळी गल्ली साक्षीला. मी आईच्या कपाळावर हात ठेवला, कुंकू बोटांना लागलं. कपाळ गार होतं. पोटावर ठेवला. पोट गार होतं. उन्हाने पडलेलं माणूस असं गार नसतं, निदान मी पाहिलेलं नव्हतं. तेवढ्याच भरवशावर मी अर्चनाला ढकललं.

"घरातून मीठ आण. नाहीतर लोणच्याचा खार. पळ."

ती गेली का ते मी पाहिलं नाही. मी मदतक्रमांकावर ओरडून माणूस मागत होते, यंत्र नको, जिवंत माणूस. डॉक्टर लोढा नावाचे कुणी फोनवर आले.

"मॅडम, मशीन ने ड्रिप लगाया है, उसे निकालिए मत।"

"सर, इसने पन्हं पिया है। सात घर का।"

"क्या पिया है?"

"कच्चा आम, गुड़, पानी। हर घर में। दो-दो गिलास।"

"मितजल किया हुआ है?"

"एक साल हो गया।"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "पानी बंद। मैं खुद आ रहा हूँ, नमक वाला ड्रिप ला रहा हूँ। और कितनी औरतों ने पिया है?"

हे मी तोवर मनातच आणलं नव्हतं. मला फक्त माझी आई दिसत होती.

अर्चना बरणी घेऊन आली. आईच्या तोंडात मी चमच्याने खार घातला. ती थुंकली. मी तिचं नाक धरलं आणि परत घातला, लहान मुलाला औषध पाजावं तसा. तिने माझ्या हाताला चावा घेतला. "पाणी दे," ती म्हणाली, "तोंड खारट झालं, पाणी दे." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मी, जिने जन्मभर तिच्याकडून फक्त घेतलं, मी तिला नाही म्हणत होते. मग तिचे डोळे वर गेले, जबडा घट्ट झाला आणि सगळं अंग खाटेवर आपटायला लागलं. बांगड्या फुटल्या. वरून माझा आवाज म्हणत होता, "घाबरू नका. मदत वाटेवर आहे."

डॉक्टर आले तेव्हा मी तिच्यावर आडवी पडले होते, ती खाली पडू नये म्हणून. त्यांनी तीन टक्के मिठाच्या पाण्याची छोटी पिशवी लावली. झटके थांबले. "बाकीच्यांना फोन करा," ते म्हणाले.

मी एकेकीला फोन लावत गेले. कुणी काही पिऊ नका, डॉक्टर येतायत, मीठ खा, झोपू नका. साठेवहिनी बरळत होत्या, पण त्यांचा मुलगा घरी होता. अर्चनाला तिथेच खुर्चीत बसवून सुई लावली. ऋजुताचा फोन वाजत राहिला. तिच्या घराचं कुलूप डॉक्टरांच्या माणसांनी उघडलं. ती डोकं दुखतंय म्हणून साडी न बदलताच आडवी झाली होती. उशाशी पाण्याचा पेला होता, अर्धा.

ती गेली होती.

मीठ उतरल्यावर ते भरभर वाढवता येत नाही. फुगलेला मेंदू एकदम आकसला तर आतले धागे तुटतात. त्यामुळे आईला थेंबाथेंबाने वर आणलं. दोन दिवस मी रुग्णालयातल्या खुर्चीत बसून होते. आमच्या खात्याच्या साहेबांचा फोन आला. त्यांनी आईची चौकशी केली, अगदी मनापासून केली, आणि मग म्हणाले की नव्या लोकांशी बोलताना सध्या 'उष्म्याशी संबंधित प्रकार' एवढंच म्हणावं. पुस्तिकेत एक ओळ वाढवणार आहेत. सामाजिक प्रसंगी पेयं टाळावीत.

"आणि यंत्रं?" मी विचारलं.

"त्यावर समिती बसेल," ते म्हणाले.

मी प्रणव आवटीला फोन केला. त्यांची सुई रुग्णालयातल्या गर्दीमुळे पुढे ढकलली होती. मी सगळं सांगितलं, ऋजुतासकट. तो म्हणाला, "पण सांगलीचं घर विकलंय हो आम्ही." मी म्हटलं, "ठाऊक आहे. तरी सांगते आहे." पुढे त्यांनी काय केलं मला माहीत नाही. आमच्यापैकी कुणाला मात्र ही सुई परत काढून घेता येत नाही. डॉक्टर लोढांना मी विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, उंदरांवर प्रयत्न चालू आहेत. चिपळूणला परत नेलं तरी हेच मूत्रपिंड बरोबर जाणार. तिथे तर दर दारात कुणीतरी पेला घेऊन उभं असतं.

तिसऱ्या दिवशी आईने मला माझ्या नावाने हाक मारली. शब्द जरा जड येत होते आणि डाव्या हाताची पकड गेली होती, पण हाक माझ्या नावाची होती. मी रडले. ती मला रडू देत बसली. मग म्हणाली, "सगळ्या बऱ्या आहेत ना गो?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण दोन दिवसांनी अर्चना येणार, तिच्या तोंडून कळणार. मी सांगितलं.

आईने भिंतीकडे तोंड केलं. "ती नको म्हणत होती," ती म्हणाली. "माझ्याच घरी नको म्हणत होती. मी दुसऱ्यांदा भरला."

"आई, तुला काय माहीत होतं?"

"हनुवटीला हात लावला मी तिच्या."

परिचारिका आली, आईच्या उशाजवळ कागदी पेल्यात पाणी ठेवून गेली. पेल्यावर निळी रेघ होती, रेघेपर्यंत पाणी. आईने तो उजव्या हाताने उचलला आणि ओठांपर्यंत नेऊन थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"पिऊ?"

साठीची बाई, जिने घर बुडताना बघितलं आणि एकटीने चिखल उपसला, ती मला विचारत होती, पाणी पिऊ का. मी पडद्यावरचा सोडियमचा आकडा बघितला, रेघ बघितली, मान हलवली. तिने दोन घोट घेतले. प्रत्येक घोटानंतर थांबून ती आपल्याला काही होतंय का ते बघत होती. मग तिने पेला खाली केला.

"आणि तू?" ती म्हणाली. "तू आज किती प्यायलीस?"

सकाळी कँटीनमध्ये चहा घेतला होता. साठेवहिनींच्या मुलाने कॉफी आणून दिली होती, ती घेतली होती की तशीच ठेवली? डॉक्टरांच्या खोलीत कुणीतरी पुढे पेला केला होता. रडल्यावर परिचारिकेने काहीतरी दिलं होतं आणि मी ते न बघता प्यायले होते. तहानेने मोजता आलं असतं, पण ती तर नव्हतीच. कालपासून माझं डोकं दुखत होतं. ते झोप नसल्यामुळे, असं मी धरून चालले होते.

"मला आठवत नाही, आई," मी म्हटलं.

आईने हातातला पेला माझा हात पोहोचणार नाही असा पलीकडच्या बाजूला ठेवला, आणि परिचारिकेला बोलवायची घंटा दाबली.